वही न उघडता

१२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात आसपासच्या गावांतले शेतकरी जमले आणि त्यांनी सावकारांची घरे-दुकाने फोडली. सुप्यात लूटही झाली; पण तिथून हा उठाव पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरत गेला तसे त्याचे लक्ष्य स्पष्ट होत गेले. लोकांना हवे होते ते कर्जरोखे, गहाणखते आणि कोर्टाचे हुकूमनामे. ते बाहेर ओढून चव्हाट्यावर जाळले गेले, आणि जिथे सावकाराने कागद मुकाट्याने काढून दिले तिथे त्याच्या अंगाला बहुधा कोणी हात लावला नाही. आज बारामती तालुक्यात असलेले सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होते. अमेरिकेतल्या यादवीमुळे आलेली कापसाची तेजी ओसरली होती, इंदापूरपासून सुरू झालेल्या फेरआकारणीने सारा वाढला होता, ही कारणे शाळेच्या पुस्तकातही असतात. त्याहून बारीक एक कारण कायद्यात होते. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जरोख्याचे आयुष्य तीन वर्षांवर आणले. हेतू ऋणकोच्या रक्षणाचा होता. सावकाराने त्यातून वाट काढली ती अशी, की दर तीन वर्षांनी जुने व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घ्यायचा. कुणब्याला तो वाचता येत नव्हता, मागच्या भरण्याची पावती त्याच्याजवळ नव्हती, आणि किती फिटले, किती राहिले हे सांगणारी एकच वही सावकाराच्या पेटीत होती. १८७९ मध्ये सरकारने दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कर्जनिवारण कायदा केला, त्यात भरण्याची लेखी पावती, वर्षाकाठी हिशेबाचा उतारा आणि मागितल्यास पासबुक हे शेतकऱ्याचे हक्क म्हणून लिहिले गेले. म्हणजे दंग्याचे मर्म सरकारलाही कळले होते. ऋणकोची वही कोणाच्या हातात असते आणि तिच्यात कोणाला डोकावता येते, यावर त्याचे आयुष्य ठरते.

आज दीडशे वर्षांनी त्याच मुलखात कर्जाचा प्रश्न वेगळ्या रूपात उभा आहे. वही एका पेटीत राहिलेली नाही. ती दहा ठिकाणी विखुरली आहे. एक पान गावच्या विकास सोसायटीत, दुसरे जिल्हा बँकेच्या शाखेत, तिसरे राष्ट्रीयीकृत बँकेत, चौथे नागरी पतसंस्थेत, पाचवे बायकोच्या नावाने घेतलेल्या मायक्रोफायनान्सच्या कार्डावर. कोणाही एका संस्थेला पूर्ण चित्र दिसत नाही, म्हणून प्रत्येक जण सावध होतो, आणि ज्याच्याजवळ तारण नाही त्याला सगळेच नाही म्हणतात. यावर सुचवला जाणारा सरधोपट उपाय म्हणजे सगळ्या वह्या एका ठिकाणी गोळा करणे. माझे म्हणणे नेमके याच्या उलट आहे. वंचितांना कर्ज द्यायचे तर बँकांनी एकमेकींना प्रश्न विचारता आले पाहिजेत, पण त्यासाठी कोणी कोणाची वही पाहण्याची गरज नाही. वही न उघडता उत्तर काढण्याचे गणित चाळीसहून अधिक वर्षे उपलब्ध आहे. ते वापरायचे असेल तर येणाऱ्या क्वांटम संगणकालाही न फुटणाऱ्या कुलपासकट वापरले पाहिजे, आणि त्याची सुरुवात करायला बारामती-इंदापूरइतकी योग्य जागा दुसरी सापडणे कठीण.

योग्य का, ते आधी पाहू. या दोन तालुक्यांत सहकारी पतपुरवठ्याचा इतिहास शंभर वर्षांहून जुना आहे. नीरा डावा कालवा एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी वाहू लागला, ऊस आला, आणि ऊस म्हणजे वर्षभर अडकलेले भांडवल. विठ्ठलदास ठाकरसी आणि लल्लूभाई सामळदास यांच्या पुढाकाराने १९११ मध्ये मुंबईत उभी राहिलेली मध्यवर्ती सहकारी बँक नीरा कालव्यावरच्या बागायतदारांना पैसे पुरवू लागली, ती त्या गरजेतून. पुणे जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक १९१७ ची. पुढे माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी, शहाजीनगरचा नीरा-भीमा असे सहकारी कारखाने उभे राहिले आणि कर्जवसुलीची एक अतिशय परिणामकारक पद्धत रुजली. सभासदाचा ऊस कारखान्याला जातो आणि सोसायटीचे देणे ऊसबिलातूनच कापले जाते. ज्याच्या नावावर सातबारा आहे आणि रानात ऊस आहे त्याला कमाल मर्यादा पत्रकात, म्हणजे सोसायटीच्या कर्जमर्यादेच्या यादीत, बसवणे सोपे. जमिनीचा इकरार केला, सातबाऱ्यावर बोजा चढला, कर्ज मिळाले. मार्चअखेरीस हातउसने आणून जुने भरायचे आणि चार दिवसांत नवे उचलायचे, हे नवे-जुने करणे सगळ्यांच्या अंगवळणी पडले आहे. १८५९ नंतरच्या तीन वर्षांच्या रोख्याशी त्याचे साम्य डोळ्यांत भरते. फरक इतकाच आणि तो मोठा आहे, की आज व्याजाचा दर ठरलेला आहे आणि पावती मिळते.

ही व्यवस्था ज्यांना बाहेर ठेवते ते लोक याच दोन तालुक्यांत शेजारी राहतात. सुपे, मोरगाव, लोणी भापकरकडची जिरायत गावे कालव्याच्या पाण्याबाहेरची. तिथे ऊसबिल नावाची हमीच नाही. वाट्याने किंवा खंडाने शेती करणाऱ्याच्या नावावर काहीच नसते, कारण तोंडी व्यवहार कागदावर आला की कुळाचा हक्क लागेल अशी मालकाला धास्ती. भिगवणच्या बाजूला उजनीच्या फुगवट्यात मासेमारी करणाऱ्यांचे उत्पन्न रोजचे आहे, पण त्याला सातबारा नाही. मेंढरे घेऊन आठ-आठ महिने वाटेवर असणाऱ्या धनगराचे भांडवल चालते-फिरते आहे. गोठ्यातली निम्मी कामे करणाऱ्या बाईचे दूधबिल दर दहा दिवसांनी येते, पण खाते बहुतेक वेळा नवऱ्याचे. आणि हंगामात बीड-अहिल्यानगरकडून फडात येणारा ऊसतोड मजूर तर मुकादमाच्या उचलीवरच, म्हणजे आगाऊ पैशावरच, जगतो. त्याच्या कर्जाची वही आजही मुकादमाच्या खिशात असते. ही सारी माणसे पैसे फेडणारी आहेत, याचा पुरावा कुठे ना कुठे आहे. दूध संघाकडे आहे, मासळीच्या आडत्याकडे आहे, बचत गटाच्या रजिस्टरात आहे, पतसंस्थेच्या पिग्मी खात्यात आहे. तो पुरावा बँकेच्या टेबलावर पोहोचत नाही.

आजवर या विखुरलेल्या पानांना जोडणारी एकच गोष्ट होती: नो ड्यूज दाखला. शेतकऱ्याने गावच्या हद्दीतल्या प्रत्येक बँकेत आणि सोसायटीत खेटे घालायचे, प्रत्येकाकडून येणे-बाकी नसल्याचा शिक्का आणायचा, मग कर्ज. रिझर्व्ह बँकेने २०१५ मध्ये ग्रामीण भागातल्या व्यक्तिगत कर्जदारांसाठी ही अट काढायला सांगितली, ते खेटे पाहूनच. तरी या दाखल्यात एक शहाणपण होते, ते हरवू नये असे मला वाटते. दाखला देणारी बँक विचारणाऱ्या बँकेला खातेउतारा देत नव्हती. एका प्रश्नाला एक उत्तर देत होती: बाकी आहे की नाही. वही तिच्या कपाटातच राहत होती. त्रास होता तो पायपिटीचा, आणि उत्तर फार ढोबळ होते याचा. दहा हजारांची नियमित फिटणारी बाकीसुद्धा ‘आहे’ या एका शब्दात जमा होई.

मग सिबिल आहे की, असे कोणीही म्हणेल. २००५ च्या कायद्याने सिबिलसारख्या पतमाहिती कंपन्या नियमाखाली आल्या, २०१५ पासून प्रत्येक बँकेला अशा चारही कंपन्यांचे सभासद व्हावे लागले, आणि जानेवारी २०२५ मध्ये दर पंधरवड्याला माहिती पाठवण्याचे बंधन आले. शहरातल्या पगारदारासाठी ही व्यवस्था पुष्कळ उपयोगी आहे. गावात मात्र तिच्या दोन मर्यादा आहेत. विकास सोसायटी ही बँकिंग नियमन कायद्याच्या कक्षेत येत नाही, नागरी पतसंस्था राज्याच्या सहकार कायद्याखाली, आणि उचल तर पतमाहितीच्या कायद्याबाहेरच. त्यामुळे गावातल्या कर्जाचा मोठा भाग तिथे नीट दिसत नाही. आणि ज्याने कधी बँकेचे कर्जच घेतले नाही त्याची तिथे पाटी कोरी असते. कोरी पाटी आणि वाईट पाटी यांत शाखाधिकारी फारसा भेद करत नाही. पीककर्जाला सिबिलची अट घालू नका, असे मुख्यमंत्र्यांना राज्यस्तरीय बँकर्स समितीत बँकांना बजावावे लागले, यावरून या मोजपट्टीने कोणाला मोजता येत नाही ते कळते. पण अट नको म्हटल्याने प्रश्न सुटत नाही. बँकेला कर्जदाराबद्दल काही कळायला तर हवेच; नाहीतर ती दुसऱ्या कुठल्या कारणाने नाही म्हणेल.

गेल्या दहा वर्षांत यावर चांगले काम झाले आहे. रिझर्व्ह बँकेने २०१६ मध्ये अकाउंट ॲग्रिगेटर नावाच्या मध्यस्थाचे नियम केले आणि सप्टेंबर २०२१ मध्ये ती व्यवस्था सुरू झाली. कर्जदाराच्या संमतीने एका बँकेतली माहिती दुसरीकडे जाते, आणि मधला टपालवाला ती वाचू शकत नाही कारण पाकीट बंद असते. २०२२ च्या सप्टेंबरात किसान क्रेडिट कार्डाचे कर्ज संगणकावरच मंजूर करण्याचे प्रयोग सुरू झाले, त्यांत पुढे महाराष्ट्रही आला. ऑगस्ट २०२३ मध्ये त्यातूनच आज यूएलआय म्हणून ओळखला जाणारा कर्जवाटपाचा मंच उभा राहिला. जमिनीच्या नोंदी, दूध संघांची माहिती, उपग्रहाची चित्रे त्याला जोडली जात आहेत. इकडे ई-पीक पाहणी २०२१ पासून आहे, ॲग्रीस्टॅक या केंद्रीय नोंदणीचा शेतकरी क्रमांक आला आहे, आणि बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट व ऑक्सफर्डच्या मदतीने उसाच्या रानात संवेदक लावून कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग केला आहे. रानात किती ओल आहे, उतारा किती येईल, हे आता यंत्र सांगू लागले आहे. कर्ज देणाऱ्याला याहून मोलाची माहिती कोणती? नेमके म्हणूनच विचारले पाहिजे की ती कोणाकोणाच्या हाती पडणार. या सगळ्या व्यवस्थांत माहिती जागची हलते. संमतीने हलते, बंद पाकिटात हलते, पण पोहोचल्यावर पाकीट उघडले जाते आणि खातेउतारा दुसऱ्याच्या संगणकात कायमचा राहू शकतो. संमती द्यायला फोन लागतो, आणि घरातला फोन कोणाच्या हातात असतो हे बचत गटातल्या कोणत्याही बाईला विचारावे.

आता गणिताकडे वळू, कारण सगळा मुद्दा त्याच्यावर उभा आहे. समजा, एका कर्जदाराचे सोसायटीत ९०,००० रुपये देणे आहे, राष्ट्रीयीकृत बँकेत काही नाही, आणि पतसंस्थेत ६०,००० आहे. एकूण किती, एवढेच कळायला हवे. सोसायटी आपल्या आकड्याचे तीन तुकडे करते, मनाला येतील तसे: ४,१२,००० आणि उणे ५,७०,००० आणि २,४८,०००. तिघांची बेरीज ९०,०००च. एक तुकडा ती स्वतःकडे ठेवते, एक बँकेला देते, एक पतसंस्थेला. बँक आपल्या शून्याचे तुकडे करते: उणे १,३५,०००, मग ३,०५,०००, मग उणे १,७०,०००. पतसंस्था साठ हजारांचे करते: २,२०,०००, उणे ४०,०००, उणे १,२०,०००. आता प्रत्येकीने आपल्याकडे जमलेले तीन तुकडे मिळवायचे. सोसायटीकडे ४,९७,००० येतात, बँकेकडे उणे ३,०५,०००, पतसंस्थेकडे उणे ४२,०००. हे तीन आकडे उघड सांगितले की बेरीज होते १,५०,०००, म्हणजेच खरे एकूण कर्ज. मधल्या कुठल्याही तुकड्यावरून कोणाचे किती होते हे कळत नाही, कारण तुकडा निव्वळ यादृच्छिक आहे. प्रत्यक्षात तो याहून प्रचंड मोठ्या आकड्यांच्या पल्ल्यातून निवडला जातो. गुपिताचे असे वाटे करण्याची पद्धत अदी शामीर यांनी १९७९ मध्ये मांडली आणि वाट्यांवरच हिशेब चालवण्याचा विचार अँड्र्यू याओ यांच्या १९८२ च्या कामापासून वाढत गेला. तेच तंत्र पुढे नेले की बेरीजसुद्धा उघड करावी लागत नाही. मर्यादा ओलांडली की नाही, एवढेच हो-नाही बाहेर येते. तिघांतच बेरीज सांगितली तर वजाबाकीने दुसऱ्याचा अंदाज बांधता येतो, ही शंका रास्त आहे. हो-नाहीचे उत्तर तिच्यासाठीच आहे.

अशा हो-नाहीची गरज काल्पनिक नाही. रिझर्व्ह बँकेचा १ एप्रिल २०२२ पासूनचा मायक्रोफायनान्सचा नियम सांगतो, की ३ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्नाच्या कुटुंबाला तारणाशिवाय कर्ज द्यावे, पण त्याच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त होऊ नयेत. वर्षाला २,४०,००० मिळवणाऱ्या घराला ही मर्यादा महिना १०,००० रुपयांची. हा नियम म्हणजे अनेक वह्यांवरची एक बेरीज आहे. ती बेरीज करायला पतसंस्था आणि सोसायटी यांची पाने मिळत नाहीत, म्हणून एकाच घरावर चार-चार हप्ते चढतात आणि पाचव्या हप्त्यासाठी खासगी सावकार येतो. नियम तयार आहे, गणित तयार आहे. दोघांची गाठ घालून दिलेली नाही.

हे गणित प्रयोगशाळेबाहेर पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर चालले ते साखरेच्याच धंद्यात, ही गोष्ट बारामती-इंदापूरच्या वाचकाने मुद्दाम लक्षात ठेवावी. जानेवारी २००८ मध्ये डेन्मार्कात साखरबीट पिकवणाऱ्या सुमारे १,२०० शेतकऱ्यांनी बीट पुरवण्याच्या करारांचा लिलाव केला. साखर तयार करणारी कंपनी तिथे एकच, डॅनिस्को. शेतकरी कोणत्या भावाला किती करार विकायला तयार आहे हे कंपनीला कळले, तर त्याची आर्थिक नड तिला कळणार आणि पुढच्या वाटाघाटीत ती त्याला पिळू शकणार. लिलाव शेतकऱ्यांच्या संघटनेने चालवावा म्हटले, तर काही शेतकरी संघटनेचेच ऋणको, आणि करार हेच त्या कर्जाचे तारण. मग प्रत्येक बोलीचे वाटे करून ते कंपनी, संघटना आणि संशोधक अशा तिघांच्या संगणकांत ठेवले गेले आणि बोली कोणालाही न दिसता बाजारभाव निघाला. हिशेबाला अर्धा तास लागला. कारखाना, संघटना, कर्ज, तारण आणि शेतकऱ्याची नड: या पाच शब्दांत नीरेच्या खोऱ्याचेही वर्णन होते.

इथे गावाकडचा एक जाणता आक्षेप येतो. गावात कोणाचे किती कर्ज आहे ते सगळ्यांना ठाऊक असते. सातबाऱ्यावर बोजा छापलेला असतो आणि सातबारा कोणीही मोबाइलवर पाहू शकतो. मग ही गोपनीयतेची चैन कोणासाठी? आक्षेपाचा पहिला भाग खरा आहे. जमीनदाराचे तारणी कर्ज उघड आहे आणि ते उघड असावेच, कारण जमीन विकत घेणाऱ्याला बोजा कळला पाहिजे. पण आपण ज्यांच्याविषयी बोलतो आहोत त्यांच्याकडे जमीन नाही. बाईने माहेरच्या आजारपणासाठी गटातून घेतलेले पैसे, वाटेकऱ्याने पतसंस्थेतून काढलेले, हे आज गावाला अंदाजाने माहीत असेल. संगणकात ते नावानिशी, तारखेनिशी, कायमचे लिहिले जाईल. कानावर आलेली गोष्ट विसरली जाते, नोंद विसरली जात नाही. आणि सोसायटी, जिल्हा बँक, कारखाना, दूध संघ यांच्या संचालक मंडळांवर एकाच गावातली, बहुधा एकाच वर्तुळातली माणसे असतात. सभासदाचे देणे किती, कोठे आणि कधी थकणार हे ज्याला एका कळीवर दिसते, त्याच्या हाती निवडणुकीच्या वर्षात काय येते ते सांगायला नको. कोणावरही आरोप न करता एवढे म्हणता येते, की जी माहिती कोणाला पाहताच येत नाही तिचा दुरुपयोग करायचा मोह कोणाला होत नाही. प्रामाणिक संचालकालाही हे संरक्षण हवे.

मग क्वांटमचा प्रश्न मध्येच कशाला? वाटे करून हिशेब करण्याच्या पद्धतीला क्वांटम संगणकाची भीती नाही. तिथे फोडायला कोडेच नसते. भीती आहे ती ते वाटे आणि बाकी सगळी माहिती ज्या तारेवरून जाते तिच्या कुलपाची. आज अकाउंट ॲग्रिगेटरची पाकिटे ज्या पद्धतीने बंद होतात ती कर्व्ह २५५१९ या वक्राच्या गणितावर उभी आहे. साध्या संगणकाला ते गणित उलटे फिरवणे अशक्यप्राय. पण पीटर शोर यांनी १९९४ मध्येच दाखवले, की पुरेशा मोठ्या क्वांटम संगणकाला ते जमेल. असा संगणक आज नाही. २०१९ मध्ये गूगलच्या क्रेग गिडनी यांचा अंदाज होता की आरएसए या दुसऱ्या प्रचलित पद्धतीचे २,०४८ बिटांचे कुलूप फोडायला २ कोटी क्यूबिट, म्हणजे क्वांटम संगणकाचे मूळ घटक, लागतील. मे २०२५ मध्ये त्यांनीच तो १० लाखांच्या आत आणला. आजची यंत्रे शंभर ते हजार क्यूबिटांच्या आसपास आहेत. म्हणजे धोका उद्याचा नाही, पण तो एकाच दिशेने सरकतो आहे.

धोका दूरचा असेल तर आज खर्च का, हा दुसरा आक्षेप. उत्तर गुपिताच्या वयात आहे. चोर आज तारेवरून जाणारी बंद पाकिटे साठवून ठेवू शकतो आणि पंधरा वर्षांनी किल्ली मिळाली की उघडू शकतो. तेव्हा विचारायचे ते इतकेच, की पंधरा वर्षांनी ती माहिती शिळी झालेली असेल का. फोनवरच्या ओटीपीचे आयुष्य दहा मिनिटांचे. कर्जाच्या इतिहासाचे? पीककर्ज वर्षात फिटते, पण थकबाकी, तडजोड, २००८, २०१७, २०१९ च्या कर्जमाफीच्या याद्या, वारसांवर आलेले देणे, भावकीचे दावे हे सगळे मिळून एका घराची जी कहाणी बनते ती दोन पिढ्या जिवंत राहते. १८७५ मध्ये जाळलेल्या कागदांतही बापाची कर्जे मुलांच्या डोक्यावर होती. म्हणून शेतीच्या कर्जाची गुपिते सर्वात लांब मुदतीच्या गुपितांत मोडतात, आणि लांब मुदतीच्या गुपिताला आजच मजबूत कुलूप लागते.

ते कुलूप तयार आहे. अमेरिकेच्या मानक संस्थेने, म्हणजे निस्टने, १३ ऑगस्ट २०२४ रोजी क्वांटमला दाद न देणारी पहिली तीन मानके प्रसिद्ध केली आणि जुनी कुलपे २०३५ पर्यंत निवृत्त करण्याचा आराखडा मांडला. फ्रान्स आणि जर्मनीच्या मध्यवर्ती बँकांनी २०२३ मध्ये पॅरिस आणि फ्रँकफर्ट यांच्या दरम्यान अशा कुलपाखाली देयकांचे संदेश पाठवून पाहिले. भारताने एप्रिल २०२३ मध्ये ६,००३ कोटींचे राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केले, आणि या विषयावरचे एक केंद्र पुण्याच्या आयसरमध्येच आहे. नव्या मानकांतले मुख्य कुलूप जाळीच्या गणितावर उभे आहे: असंख्य मितींच्या जाळीत, थोडी मुद्दाम मिसळलेली चूक असताना, जवळचा बिंदू शोधण्याचे कोडे. याच जाळीच्या गणितातून कुलूपबंद आकड्यांवर कुलूप न उघडता हिशेब करण्याची दुसरी पद्धतही निघाली आहे. गोपनीय हिशेब आणि क्वांटमपासून बचाव हे दोन वेगळे खर्च आहेत असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. पाया एकच आहे.

खर्चाचा आक्षेप तरीही गंभीर आहे, कारण छोट्या सहकारी बँकांची आजची साधी कुलपेही पुरी पडलेली नाहीत. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सायबर हल्ल्याने तीन दिवसांत ९४ कोटी गेले. जुलै २०२४ च्या शेवटी छोट्या बँकांना तंत्रज्ञान पुरवणाऱ्या सी-एज या कंपनीवर खंडणीचा हल्ला झाला, आणि सुमारे ३०० सहकारी व ग्रामीण बँकांचे व्यवहार देयकांच्या राष्ट्रीय जाळ्यापासून काही काळ तोडावे लागले. अशा बँकांना क्वांटमचे काय सांगता, असे कोणी म्हणेल. मी याच घटनांवरून उलटा निष्कर्ष काढतो. ज्या संस्थेचे कपाट फुटू शकते तिच्याकडे दुसऱ्यांच्या वह्या साठवणे हाच खरा धोका. वाट्यांची पद्धत वापरली तर चोराला एका बँकेत दुसऱ्यांच्या वह्यांचा फक्त निरर्थक तुकडा मिळेल. आणि कुलूप बदलणे दिसते तेवढे महाग नाही: नव्या कुलपाची किल्ली ३२ बाइटांऐवजी ११८४ बाइटांची आहे एवढेच, आणि रोजच्या वापरातला क्रोम ब्राउझर २०२४ पासून जुने-नवे कुलूप एकत्र वापरतो आहे. २०२२ मध्ये २,५१६ कोटींनिशी मंजूर झालेल्या केंद्रीय योजनेतून देशभरच्या सोसायट्या नाबार्डमार्फत एकाच संगणक-प्रणालीवर येत आहेत. प्रणाली एकच असेल तर ही सोय एकदाच लिहावी लागेल. सोसायटीच्या गटसचिवाला जाळीचे गणित शिकावे लागणार नाही, जसे त्याला आज आरएसए शिकावे लागत नाही.

मला स्वतःला सगळ्यांत अस्वस्थ करणारा आक्षेप वेगळा आहे. वह्या न उघडता बँका एकत्र येऊन संगणकाला कर्जदार ओळखायला शिकवतीलही. प्रत्येक बँकेत मॉडेल स्वतंत्र शिकवायचे आणि फक्त शिकलेले आकडे एकत्र करायचे, हेही तंत्र आहे. त्या आकड्यांतूनही मूळ माहिती झिरपू शकते हे २०१९ पासून सिद्ध आहे, आणि त्यावर वाटे करून बेरीज घेण्याचा उतारा आहे. पण मॉडेलच चुकीचे असेल तर? आजवर कर्ज मिळाले ते सातबारावाल्या पुरुषांना; त्यांच्या नोंदींवरून शिकलेले यंत्र सातबारा नसलेल्या बाईला नाहीच म्हणेल, आणि ते नाही कोणाच्याही नजरेआड, पूर्ण गोपनीयतेत म्हटले जाईल. याचा धडा इंदापुराला सुमारे दोनशे वर्षांपूर्वी मिळाला आहे. पुणे जिल्ह्याची जमीन मोजायला आलेल्या प्रिंगल या अधिकाऱ्याने अर्थशास्त्रातला खंडाचा सिद्धांत घेऊन प्रत्येक प्रतीच्या जमिनीचे निव्वळ उत्पन्न काढले, त्यावरून सारा ठरवला. मांडणी विद्वत्तापूर्ण होती. मोजणी चुकीची होती, आकारणी डोईजड झाली, आणि इंदापुरात शेतकरी जमिनी टाकून गेले. १८३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांना तिथेच नवी, साधी, शेतागणिक आणि तीस वर्षांसाठी पक्की आकारणी करावी लागली. तीच पुढे मुंबई इलाख्याची पद्धत झाली. पहिल्या पद्धतीत कोणत्या आकड्यावरून आपला सारा आला हे शेतकऱ्याला तपासता येत नव्हते, दुसरीत ते त्यामानाने सोपे होते.

म्हणून या व्यवस्थेत मॉडेलला दुय्यम जागा द्यावी, असे माझे मत आहे. आधी साध्या बेरजा आणि हो-नाहीचे प्रश्न: हप्ते निम्म्याच्या आत आहेत का, दूधबिल किंवा मासळीचे बिल वर्षभर खंड न पडता आले आहे का, गटातले कर्ज वेळेवर फिटले आहे का. एवढ्या तीन उत्तरांवर भिगवणच्या मासेमाराला आणि लोणी भापकरच्या गवळणीला ५०,००० रुपये देता येतात. २ लाखांपर्यंतच्या शेतीकर्जाला तारण मागू नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ जानेवारी २०२५ पासून आहेच. नाही म्हणायचे असेल तर कोणत्या प्रश्नाच्या उत्तरावरून, ते मराठीत लिहून द्यावे आणि चूक दुरुस्त करायची वाट ठेवावी. १८७९ च्या कायद्याने पावती आणि उतारा दिला. आजच्या कायद्याला नकाराचे कारण मिळवून देणे अवघड नाही. बचत गटांची नोंद बाईच्या नावाने जोडावी, घराच्या नावाने नव्हे. आणि कोणी किती वेळा कोणाबद्दल प्रश्न विचारला याची नोंद कर्जदाराला दिसावी. प्रश्न विचारणे फुकट आणि अमर्याद ठेवले तर हो-नाहीतूनही वही वाचता येते.

सुरुवात लहान असावी. जिल्हा बँक, तिच्या बारामती-इंदापुरातल्या काही सोसायट्या, एखादी राष्ट्रीयीकृत बँक, दोन-तीन पतसंस्था आणि एक दूध संघ. प्रश्न एकच, हप्त्यांच्या मर्यादेचा. मुदत एका हंगामाची. सहकार आयुक्त आणि रिझर्व्ह बँक यांची परवानगी लागेल, कारण या संस्था दोन वेगळ्या छत्रांखाली आहेत, आणि खरी अडचण तंत्रापेक्षा तिथेच येईल. ती सभासदांनी जोर लावल्याशिवाय हटणार नाही. प्रत्येक सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. पुढच्या सभेत अहवाल वाचनाला मंजुरी देण्याआधी सभासदाने उभे राहून विचारावे, की माझे खाते आज कोणाकोणाला दिसते, कशासाठी दिसते, आणि कोणत्या कुलपात आहे. उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यावे.